शनिवारची पट्टी

मंगळवारी आणि बुधवारी सरावात टेट हॅवलिक कुणाच्या बापाला ऐकत नसे. शनिवारी सामना असे, आणि शनिवारी तो बाकावर बसलेला असे.

त्याचा स्वतःचा बाप, ऑरिन हॅवलिक, पंच्याण्णव मैल गाडी हाणून तो बाकावर कसा बसतो ते बघायला येई. ऑरिन काउंटीच्या रस्ते खात्यात ग्रेडर चालवायचा. उन्हाळ्यात खडीचे रस्ते सपाट करायचे आणि हिवाळ्यात त्याच रस्त्यांवरचं बर्फ बाजूला लोटायचं. तीस वर्षं हेच काम. त्यामुळे एकाच ठिकाणी बसून एकाच गोष्टीकडे दिवसभर बघण्याचा त्याला सराव होता.

स्टेडियममध्ये त्याच्या दोन खुर्च्या होत्या. त्याची बायको मार्लिस मार्चमध्ये गेली. मेमध्ये कॉलेजकडून हंगामाच्या तिकिटांचा कागद आला, त्यावर 'दोन' असं आधीच छापलेलं होतं. दोनाचं एक करायचं तर फोन करावा लागला असता, आणि फोनवरच्या बाईनं कारण विचारलं असतं. ऑरिननं दोन घेतली.

मार्लिसच्या खुर्चीपलीकडे आर्लीन प्रोहास्का बसायची. वय चौऱ्याहत्तर. अडतीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत सहज जाई. हंगामाच्या पहिल्याच सामन्याला ती आली, ऑरिनकडे बघून मान हलवली आणि मधल्या खुर्चीवर आपला थर्मास, शेंगांची पिशवी आणि जादाची उशी मांडून बसली. बाकीचे लोक त्या खुर्चीकडे बघायचं टाळत. आर्लीननं ती सरळ वापरात घेतली. ऑरिनला ते बरं वाटलं, पण तसं तो तिला काही बोलला नाही.

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात टेट रिसीव्हर होता. म्हणजे जिवाच्या आकांतानं पळत जायचं आणि क्वार्टरबॅकनं लांबून फेकलेला चेंडू झेलायचा. गेल्या वर्षी त्यानं अडतीस झेल घेतले होते. दुसऱ्या वर्षाच्या पोरानं अडतीस झेल घेणं या कॉलेजात कुणाच्या आठवणीत नव्हतं. यंदा तिसरं वर्ष, तेव्हा सगळ्यांनी मोठी आशा धरली होती. पहिल्या दोन सामन्यांत त्याच्याकडे फेकलेले चेंडू समोरच्यांनी तीनदा मधल्यामधे पळवले. तो जिथं जाई तिथं त्याच्यावर पाळतीला ठेवलेला गडी त्याच्या आधी पोचलेला असे. तिसऱ्या सामन्यापासून टेट बाकावर गेला. मग कधी चार चाली खेळायला मिळत, कधी सहा.

लोक म्हणत, आई गेल्यापासून पोरगं बिथरलंय. पेट्रोल पंपावर म्हणत, चर्चच्या पायरीवर म्हणत. ऑरिन जवळ आला की हवामानावर बोलत.

सप्टेंबरात कॉलेजनं पालकांसाठी पॅनकेकचा नाश्ता ठेवला होता. तिथं कोच बेरेन्स प्लेट घेऊन ऑरिनजवळ येऊन उभे राहिले. हे कोच म्हणजे जाडजूड, सरळ बोलणारा माणूस. ते म्हणाले, पोरगं सोनं आहे. मंगळवारी सोनं, बुधवारी सोनं, गुरुवारीसुद्धा. शनिवारी त्याला काहीतरी होतं. काय होतं ते मला कळत नाही, फिल्म दहादा बघितली. पळतो बरोबर, वळतो बरोबर आणि चेंडू मात्र जातो दुसऱ्याकडे. अशा वेळी कोच काय करणार? दुसरा पोरगा खेळवणार. मग त्यांनी ऑरिनच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाले, वेळ जाऊ द्यावा लागतो. ऑरिन म्हणाला, हो. पॅनकेक गार झाला होता. तो त्यानं तसाच खाल्ला.

ऑक्टोबरात एका रविवारी टेटनं फोनवर सांगून टाकलं. हंगाम संपेपर्यंत असंच चाललं तर डिसेंबरात तो बदलीच्या यादीत नाव घालणार होता. यादीत नाव गेलं की दुसऱ्या कॉलेजांना त्याला उचलता येतं. ऑरेगनमध्ये त्याचा एक जुना मित्र खेळत होता, तिथं रिसीव्हर कमी पडत होते.

"ऑरेगन," ऑरिन म्हणाला.

"लांब आहे, माहितीय. पण डॅड, मी काय बाकावर बसायला जन्मलोय का? उन्हाळाभर घाम गाळला. माझ्या जागी जो खेळतो ना, ब्रूकर, तो चेंडू असा झेलतो जसं कुणी त्याच्या अंगावर मांजर फेकलंय."

ऑरिन म्हणाला, तुझं तुला बरोबर वाटेल ते कर. फोन ठेवल्यावर त्यानं कपाटावरचा नकाशा काढला. पंधराशे मैल. नेब्रास्कातून निघून वायोमिंग संपता संपत नव्हतं. शनिवारी जाऊन शनिवारी परत येण्यातलं ते गाव नव्हतं. त्यानं नकाशा नीट घडी घालून परत ठेवला. नवऱ्याला नकाशाची घडी घालता येत नाही असं मार्लिस म्हणायची, आणि ते खरंच होतं. या वेळी जमली.

सातव्या सामन्याला त्यानं हरणाच्या शिकारीची दुर्बीण बरोबर नेली. खेळ बघायचा म्हणून नव्हे. पोराचा चेहरा बघावा, खरंच बिथरलाय का ते आपल्या डोळ्यांनी बघावं, म्हणून. बाकावर टेट शांत बसलेला दिसला. दुसऱ्या अर्ध्यात कोचनं त्याला सहा चाली खेळायला सोडलं. ऑरिननं दुर्बीण त्याच्यावर रोखली ती काढलीच नाही. चेंडू कुठं गेला, कोण पडलं, लोक का ओरडले, काही कळलं नाही. त्याला फक्त आपला पोरगा दिसत होता.

आणि त्याला एक गोष्ट दिसली.

टेटच्या डाव्या मनगटावर पांढरी पट्टी गुंडाळलेली असे. ही त्या पोरांची रीतच होती. सामन्याच्या दिवशी मनगटाला चिकटपट्टी गुंडाळायची आणि तिच्यावर काळ्या शाईनं काहीतरी लिहायचं. कुणी आजीचं नाव लिही, कुणी अपघातात गेलेल्या दोस्ताचं, कुणी बायबलातल्या ओळीचा आकडा. टेटच्या पट्टीवर एम, एल, एच अशी तीन अक्षरं होती. मार्लिस लुईझ हॅवलिक. पहिल्या सामन्यानंतर ऑरिननं ती पाहिली होती. दोघांपैकी कुणीही त्याबद्दल बोललं नव्हतं. सरावाला पट्टी नसे. पट्टी फक्त शनिवारी.

दुर्बिणीतून दिसलं ते असं. चाल सुरू व्हायच्या आधी टेट आपल्या जागी उभा राही. एखाद्या वेळी त्याचा उजवा अंगठा हळूच डाव्या मनगटावर जाई आणि त्या अक्षरांवरून फिरे. एखाद्या वेळी जात नसे. अंगठा गेला की क्वार्टरबॅक चेंडू फेकी. नाही गेला की चेंडू घेऊन कुणीतरी मधून पळत सुटे. सहा चाली, सहाही वेळा तसंच.

ऑरिनला आधी वाटलं आपण भलतंच काही जुळवतोय. एकटा माणूस नको ते जुळवतो. म्हणून पुढच्या शनिवारी, टेट मैदानात उतरला तसा, तो दुर्बिणीतून डोळे न काढता आर्लीनला म्हणाला, "फेक."

"काय?" आर्लीन म्हणाली.

चेंडू फेकला गेला. समोरच्यानं तो हातानं उडवला.

"पळ," ऑरिन म्हणाला.

चेंडू घेऊन एक गडी मधून घुसला आणि चार जणांच्या खाली गाडला गेला.

आर्लीननं शेंगांची पिशवी मांडीवर घेतली. "चल, एका चालीला पाच शेंगा. तू काय देवाचा माणूस लागून गेलास?"

कोचनं त्या दिवशी टेटला नऊ चाली दिल्या. ऑरिन नऊच्या नऊ बरोबर बोलला. टरफलं काढायला त्याला वेळ नव्हता, म्हणून शेंगांचा ढीग मार्लिसच्या खुर्चीवर साठत गेला. शेवटच्या चालीनंतर आर्लीन त्याच्याकडे वळली. या वेळी तिनं बसमधला आवाज काढला नाही, हळू बोलली.

"कशावरून ओळखतोस?"

ऑरिननं सांगितलं. अंगठा, पट्टी, अक्षरं. सांगायला एक मिनिट लागलं.

आर्लीननं मैदानाकडे बोट दाखवलं. "ऑरिन, तू इथं तेवीस रांगा वर बसून ओळखतोस," ती म्हणाली. "समोरचं पोरगं त्याच्यापासून चार पावलांवर उभं असतं. ते काय आंधळं आहे?"

"कोचनं दहादा फिल्म बघितली म्हणे."

"फिल्म त्या खांबावरून काढतात. तिथून माणसं मुंगीएवढी दिसतात. मुंगीचा अंगठा कुणाला दिसणार?" ती शेंगा परत पिशवीत भरू लागली. "पोराला सांग."

ऑरिन म्हणाला, सांगतो.

त्यानं सांगितलं नाही.

आठवडाभर ग्रेडरच्या केबिनमध्ये बसून तो वाक्य जुळवत राहिला. लोक म्हणत होते की आईमुळे पोराचा खेळ गेला. ते ऐकून ऑरिनला इतके दिवस राग येत होता. आता लोकांचं खरं निघालं होतं, त्यांना कळलं नव्हतं त्या रीतीनं. हे पोराला कसं सांगायचं? तुझ्या आईच्या नावाला हात लावू नकोस, असं? बापानं असं सांगायचं? न सांगावं तर पोरगा ऑरेगनला जाणार, तिथंही मनगटाला पट्टी बांधणार, आणि तिथं चार पावलांवर दुसरं कुणीतरी उभं असणार. मार्लिस असती तर तिनं दोन वाक्यांत सांगितलं असतं. पण मार्लिस असती तर सांगायचं कारणच नव्हतं. इथवर आलं की ऑरिन पातं खाली टेकवून पुढचा अर्धा मैल रस्ता ओढी. त्या आठवड्यात काउंटीचे रस्ते फार छान झाले.

नववा सामना परगावी होता. टेटला एकही चाल मिळाली नाही. साडेतीन तास तो हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. शेवटी शेवटी त्यानं हेल्मेट जमिनीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऑरिन चर्चमधून परस्पर निघाला. चर्चच्या बायकांनी कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, केले होते, ते डबाभर घेतले. टेट आणखी तिघांबरोबर भाड्याच्या घरात राहायचा. तिघे झोपले होते. सोफ्यावर धुतलेले कपडे होते आणि जमिनीवर न धुतलेले, किंवा उलट. बापलेक स्वयंपाकघरात उभ्यानं कोलाचे खाऊ लागले.

तिसरा खाऊन झाल्यावर ऑरिननं सांगायला सुरुवात केली. आठवडाभर जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. तो म्हणाला, तू फेकीच्या चालीआधी पट्टीवर अंगठा फिरवतोस. पळण्याच्या चालीला फिरवत नाहीस. समोरच्यांना ते कळलंय.

टेटनं आपल्या रिकाम्या मनगटाकडे बघितलं. "मी हात लावतो?"

"दर वेळी."

"दर वेळी नाही लावत."

"फेकीच्या दर वेळी. नऊच्या नऊ मी आर्लीनला आधी सांगितल्या."

टेटनं अंगठा मनगटावर ठेवून बघितला. मग म्हणाला, त्याला वाटायचं तो फक्त मनात म्हणतो. चेंडू आपल्याकडे यायची शक्यता असली की मनातल्या मनात म्हणायचं, आई, बघ हं. पळण्याच्या चालीत आपल्याला काही काम नसतं, तेव्हा उगाच तिला कशाला त्रास द्यायचा. अंगठ्याचं त्याला ठाऊकच नव्हतं.

"म्हणजे आईमुळे मी बाकावर आहे," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण डबा त्यानं बाजूला सरकवला.

"आईमुळे नाही. अंगठ्यामुळे."

"तुला कधी कळलं हे?"

"दोन आठवडे झाले."

"दोन आठवडे?" टेटनं बापाकडे बघितलं. "काल मी एकही चाल खेळलो नाही, डॅड. आणि तू वर बसून शेंगा खात होतास?"

"काल आर्लीन नव्हती," ऑरिन म्हणाला. मग म्हणाला, "मला सांगता येईना."

 टेटनं डबा परत जवळ ओढला. खसखस बापाच्या दातात अडकली होती, ती त्यानं खुणेनं दाखवली. म्हणाला, कोचना सांगतो. पट्टी लिहायचीच बंद करतो. ऑरिन म्हणाला, लिही की. लावायचा तर दर चालीला हात लाव, नाहीतर एकाही चालीला लावू नकोस. समोरच्याला काही कळता कामा नये, एवढंच. तिला पळण्याच्या चाली बघायला लागल्या तर लागल्या. टेट पहिल्यांदा किंचित हसला. पळण्याची चाल आली की आई कॉफी आणायला उठायची, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. कोचना त्यानं सोमवारीच सगळं सांगितलं होतं. कोच बेरेन्स ऐकून घेऊन पुरती दोन मिनिटं गप्प बसले, आणि हा त्यांच्या नोकरीतला बहुधा विक्रम होता. मग म्हणाले, मी पंचवीस वर्षं या धंद्यात आहे आणि माझ्या पोराचा अंगठा एका रोड ग्रेडरवाल्याला दिसला. पण आज गुरुवारी त्यांनी टेटला परत बोलावलं होतं. त्यांच्या डोक्यात एक बेत शिजला होता.

"ते म्हणतात, समोरच्यांना खूण माहीत आहे ना, मग आपण ती उलटी करू," टेट सांगत होता. "शनिवारी पळण्याच्या चालीला हात लावायचा. फेकीच्या चालीला नाही लावायचा. ते सगळे फसणार. असं केलंस तर पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत खेळवतो म्हणाले."

"आणि नाही केलंस तर?"

"तर बघू, म्हणाले. म्हणजे तुला माहितीच आहे."

हंगामातला हा शेवटचा सामना होता. यानंतर डिसेंबर, आणि डिसेंबरात यादी. टेट म्हणाला, "डॅड, आईच्या नावानं फसवायचं का?"

ऑरिन गॅरेजमध्ये उभा होता. विचार करता करता त्याची नजर समोरच्या फळीवर फिरत होती. मार्लिस चर्चच्या तळघरात पत्ते खेळायला बसली की समोरच्याला अशी काही फसवायची, की पाद्रीबाबासुद्धा तिच्याशी जपून खेळत. आणि मागल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलेलं तिनं तीन आठवडे घरात कळू दिलं नव्हतं. नुसती पाठ दुखतेय म्हणायची. बर्फाचे दिवस होते, नवरा रात्रंदिवस रस्त्यावर होता, म्हणून. फसवायला ती कमी नव्हती. पण फसवायचं कुणाला आणि कशापायी, हे तिचं ती ठरवायची. दुसऱ्यानं तिच्या वतीनं ठरवलेलं तिला चालायचं नाही.

यातलं काहीच त्याला नीट बोलता आलं नाही. तो म्हणाला, "तिला विचारता आलं असतं तर घर तापवायच्या फर्नेसची जाळी कोणत्या मापाची लागते ते मी आधी विचारलं असतं. दोनदा चुकीची आणलीय."

त्यानं फळीवरची चुकीची जाळी उचलून परत ठेवली.

"मला माहीत नाही रे," ऑरिन म्हणाला. "तू काहीही केलंस तरी मी येतोय."

शनिवारी कडक थंडी होती. आर्लीन दोन घोंगड्या घेऊन आली होती. त्यातली एक तिनं न विचारता ऑरिनच्या गुडघ्यांवर टाकली आणि पोराला सांगितलंस का, असं विचारलं. ऑरिन म्हणाला, सांगितलं. पुढचं सांगितलं नाही, कारण पुढचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्याच चालीला टेट मैदानात उतरला. लोकांत कुजबुज झाली. ऑरिननं दुर्बीण लावली. पट्टी होती. अक्षरं इतक्या लांबून दिसत नव्हती, पण काळं काहीतरी होतं. अंगठा गेला, अक्षरांवरून फिरला.

पळण्याची चाल. समोरचा पाळतीचा गडी दहा पावलं मागं पळाला होता, तो तिथंच उभा राहून बघत बसला. मधून आपला गडी बारा यार्ड घेऊन गेला.

दुसरी चाल. अंगठा गेला. परत पळ. समोरचे परत मागं. नऊ यार्ड.

म्हणजे पोरानं कोचचं ऐकलं होतं. ऑरिननं दुर्बीण खाली घेतली. रागवायचं नाही असं त्यानं गाडीतच ठरवलं होतं, आणि तो रागावला नव्हता. फक्त हात गार पडले होते, ते त्यानं घोंगडीत घातले.

"आज तोंड शिवलंयस की काय?" आर्लीन म्हणाली. "फेक की पळ?"

"पळ," ऑरिन म्हणाला. त्याला दुर्बिणीशिवायही उजवा हात डाव्याकडे जाताना दिसला होता.

क्वार्टरबॅक मागं सरला आणि त्यानं चेंडू फेकला. टेट रेघेजवळ वळला, समोरच्याच्या हातापुढं अर्धी वीत चेंडू आला, तो त्यानं दोन्ही हातांनी घेतला आणि पडला. उठला, चेंडू पंचाकडे टाकला.

"पाच शेंगा," आर्लीन म्हणाली.

पुढच्या चालीला अंगठा गेला. पळ. त्याच्या पुढच्या चालीला गेला. फेक, दुसऱ्याकडे. परत गेला. परत गेला. पोरानं उलटं केलं नव्हतं आणि सुलटंही केलं नव्हतं. तो दर चालीला हात लावत होता. ऑरिननं पुन्हा फेक की पळ सांगायचा प्रयत्न केला आणि ओळीनं सहा वेळा चुकला. तीस शेंगा गेल्या. मग त्यानं दुर्बीण पेटीत घातली, कारण तिचा आता उपयोग नव्हता. हंगामात पहिल्यांदाच त्यानं बावीसही पोरं एकदम बघितली. ब्रूकर नावाचा पोरगा दिसला. चेंडू खरंच मांजरासारखा झेलत होता, पण झेलत होता.

टेट बावन्न चाली खेळला. त्याच्याकडे आठ चेंडू आले. सहा त्यानं घेतले, एक समोरच्यानं उडवला आणि एक हातातून सुटला. कॉलेज चार गुणांनी हरलं.

अंधारायच्या आत टेट अंघोळ करून गाड्यांच्या मैदानात आला. ऑरिननं पिकअपचं मागचं फळकूट खाली सोडलं होतं, त्यावर दोघं बसले. टेटनं सांगितलं की शुक्रवारी तो कोचकडे गेला आणि म्हणाला, उलटं नाही करणार. एकतर दर चालीला, नाहीतर मुळीच नाही. कोचनी काही शिव्या दिल्या. त्या त्यानं बापाला सांगितल्या नाहीत. मग कोच म्हणाले, दर चालीला तर दर चालीला, जा, समोरच्यांना पहिली दहा मिनिटं तेही कळणार नाही. पुढच्या वर्षी सुरुवातीपासून तूच. फक्त या वर्षीचं काही मला विचारू नकोस.

"मग ऑरेगन?" ऑरिननं विचारलं.

"ऑरेगन तिथंच आहे," टेट म्हणाला. "मी इथं आहे."

ऑरिननं मान हलवली. फार हलवली नाही.

टेट मनगट चोळत होता. पट्टी काढल्याची तांबडी रेघ तिथं उठली होती. "डॅड, एक सांगू? दुसऱ्या अर्ध्यात हात आपोआप जात होता. मी तिला काही म्हणतच नव्हतो. समोरच्याच्या पायांकडे बघत होतो, कुठल्या बाजूला वजन टाकतोय ते. बावन्न वेळा हात लावला, त्यातली पहिली दहा-बारा वेळा ती होती. नंतर नुसता हात."

ऑरिननं यावर विचार केला. पोराला बरं वाटेल असं काही सांगता येईल का ते बघितलं. मग जे खरं होतं ते सांगितलं.

"ती रोज दहाला फोन करायची. ग्रेडरच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून मी दहाला इंजिन बंद करायचो. ती गेल्यावरही करायचो. बंद करून फोनकडे बघत बसायचो. आता दहाला इंजिन बंद करतो आणि कॉफी पितो."

"मग ते चांगलं की वाईट?"

"कॉफी गरम असते," ऑरिन म्हणाला.

टेटनं थोडा वेळ पाय हलवले. मैदान रिकामं होत होतं. आर्लीनची गाडी समोरून गेली, तिनं हॉर्न वाजवला आणि बसचं दार उघडतात तसा हात हलवला. मग ते दोघे महामार्गावरच्या खाणावळीत गेले आणि गरम चीझ घातलेले मांसाचे बन मागवले.

"तो सुटलेला चेंडू बघितलास?" टेटनं पहिला घास गिळून विचारलं.

"बघितला."

"दोन्ही हातांना लागला होता."

"दिसलं."

"समोरच्याला काही कळलं नव्हतं. तो तर पडलाच होता. मी मोकळा होतो. चेंडू अगदी छातीवर आला आणि मी तो घ्यायच्या आधीच पळायला लागलो. माझी चूक. निव्वळ माझी."

"निव्वळ तुझीच," ऑरिन म्हणाला.

टेटनं मीठदाणी चेंडू म्हणून मध्ये ठेवली, दोन बोटांचे पाय केले, आणि आपण कुठं होतो, कुठं वळलो आणि नेमकं कुठल्या पावलाला चुकलो ते बापाला पहिल्यापासून दाखवायला लागला. बापानं आपली प्लेट बाजूला घेऊन त्याला जागा करून दिली.